जुना पिकअप: आधी थांबवा, मग चालवा

दहा-पंधरा वर्षं एका जागी उभा असलेला पिकअप ताब्यात आला की हात पहिल्यांदा बॅटरीकडे जातो. इंजिन फिरतंय का, एवढंच बघायचं असतं. पण इंजिन लागलं की गाडी बाहेर काढायचा मोह होतोच, आणि ब्रेकचा भरवसा नसलेलं दीड टनाचं धूड उतारावर कोणाचंच ऐकत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा: ब्रेक, स्टेअरिंग, चासी, पत्रा, आणि मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. खालची माहिती मुख्यतः १९४७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले आणि फोर्ड पिकअपला धरून आहे, पण चासी, केबिन आणि वेगळा हौदा अशी रचना असलेल्या दुसऱ्या गाड्यांनाही त्यातली बरीचशी लागू पडते.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: गाडी मूळ रूपात ठेवायची, की उंची, गिअरबॉक्स, ब्रेक बदलायचे. अर्धवट ठरवलेल्या गाडीत चासी रंगवून झाल्यावर तिच्यावर पुन्हा ग्राइंडर फिरवावा लागतो. बदल करायचे असतील तर रंगाचा थेंबही न लावता पूर्ण गाडी एकदा कच्ची जुळवा. इंजिन, केबिन, हौदा, चाकं, एक्झॉस्ट सगळं बसवून बघा. चाक मडगार्डला घासतं का, स्टेअरिंगचा दांडा एक्झॉस्टला लागतो का, हे तेव्हाच कळतं. मग पुन्हा सगळं खोला.

ब्रेक

१९६७ च्या आधीच्या या गाड्यांत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, एकाच कप्प्याचा असतो. चारही चाकांना तेल पोचवणारी वाट एकच, त्यामुळे एक नळी फुटली की पेडल तळाला आणि चारही चाकं मोकळी. १९६७ पासून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला. पुढची आणि मागची चाकं वेगळी झाली. मूळ रूपाचा कितीही आग्रह असला तरी हा एक बदल कराच. फरशीखाली बसणारे दोन कप्प्यांचे सिलिंडर मिळतात, बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

उभ्या गाडीतलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरच्या) तळाशी साचून लोखंडाला खड्डे पाडतं. त्यावर नवीन रबर घातलं तरी तेल खड्ड्यांतून झिरपत राहतं, म्हणून घासूनपुसून वेळ मारून नेण्यापेक्षा चारही व्हील सिलिंडर नवीन टाकावेत. रबरी होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून सुजलेला असतो. पेडल दाबलं की तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही आणि चाक जाम राहतं. तेही सगळे बदला. लोखंडी नळ्या बहुतेक ३/१६ इंची असतात. त्यांच्या जागी निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी वापरली तर हाताने वाकते आणि गंजत नाही. साधी तांब्याची नळी मात्र नको, ती कंपनाने तडकते. टोकांना डबल फ्लेअरच, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेलं तोंडच, हवं.

ड्रम मोजा. मूळ व्यासापेक्षा साधारण १.५ मिलिमीटरपर्यंत वाढ चालते. ड्रमवर कमाल माप कोरलेलं असेल तर तेच शेवटचं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा.

पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवणारे बहुतेक जण त्याच तीन जागी अडकतात. पहिली जागा: ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या लाइनवर तो तसाच राहिला तर पॅड सतत घासतात आणि चाक तापतं. दुसरी: मास्टर सिलिंडर फरशीखाली असेल तर तो कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खालच्या पातळीवर येतो, गाडी उभी असताना तेल परत उतरतं आणि पहिला ब्रेक पोकळ लागतो. तिथे डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावायचा.

तिसरी चूक जिवावरची आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. ब्रेक मारला की वजन आणखी पुढे झुकतं, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. सुरुवातीला तो मागचा दाब सगळ्यात कमी राहील असा ठेवा. मोकळ्या, सपाट, ओल्या जागेत कमी वेगाने जोरात ब्रेक मारून बघा आणि मागचा दाब थोडा थोडा वाढवा. पुढची चाकं आधी आणि मागची किंचित नंतर लॉक व्हायला हवीत. ही परीक्षा हौदा रिकामा ठेवूनच घ्या.

बूस्टर नसेल तर पेडलचं गुणोत्तर ६:१ च्या आसपास आणि मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १ इंच ठेवावा. बूस्टर असेल तर ४:१ आणि १ १/८ इंच. मोठा बोअर म्हणजे चांगला ब्रेक, हा समज उलटा आहे. बोअर वाढला की त्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो आणि पेडल दगडासारखं लागतं. नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा, मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

पुढचा ॲक्सल आणि स्टेअरिंग

पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खुंटी, गेली. किंगपिनचे बुश नुसते ठोकून बसवून भागत नाही. दोन्ही बुश एका रेषेत रीम करावे लागतात, म्हणजे आतून मापात कोरावे लागतात, नाहीतर स्टेअरिंग जड होतं. रीमर नसेल तर हे काम मशीनवाल्याकडे द्या. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून सगळा खेळ घालवायचा मोह टाळा. तो चाकं सरळ असतानाच ॲडजस्ट करायचा असतो. वळलेल्या स्थितीत आवळला तर मधोमध आल्यावर बॉक्स आवळून जातो आणि दात खाल्ले जातात.

पत्रा

पेचकस घ्या आणि टोचत फिरा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, फरशी, केबिन चासीवर टेकते त्या जागा, विंडशील्डखालचा हवेचा कप्पा, ही नेहमीची ठिकाणं. बाहेरून फुगवटा दिसतो तिथे आत त्याच्या तिप्पट सडलेलं असतं असं धरून चाला.

दाराखालची पट्टी किंवा कोपरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी नळी टाके मारून घट्ट करा. ती नसेल तर केबिन खचते आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापा. प्रत्येक तुकडा टाक्यांवर धरून दार लावून बघा, फट चारही बाजूंनी साधारण ४ ते ५ मिलिमीटर आली की मगच पूर्ण वेल्डिंग. मूळ पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा असतो. मिग वेल्डिंगला ०.६ मिलिमीटर वायर, ७५ टक्के आरगॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-अडीच सेंटिमीटरवर एक टाका, आणि टाके लांब लांब जागी पाळीपाळीने. सलग ओढलेल्या वेल्डिंगने सपाट पत्र्याला अशा लाटा येतात की त्या पुटीने झाकायला सहा महिने लागतील. बोटाला चटका बसत असेल तर थांबा.

उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुटी, आणि पुटीचा थर ३ मिलिमीटरच्या वर नको. बंद पोकळ्यांमध्ये वेल्डिंग संपल्यावर मेण फवारायला विसरू नका. गंज बहुतेक आतूनच परत येतो.

हौद्याच्या लाकडी फळ्यांबद्दल एवढंच: बसवण्याआधी सहाही बाजूंनी फिनिश द्या. फक्त वरून वॉर्निश मारलेली फळी खालून पाणी पिते आणि पन्हाळीसारखी वाकते.

उंची कमी करताना

स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. पोलादाचं टेम्पर जातं, स्प्रिंग नंतर स्वतःहून खचत राहते किंवा तुटते. १९६३ ते १९७२ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपला पुढे सुमारे अडीच इंच खाली आणायचं तर ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाचा दांडा वर सरकवलेले स्पिंडल, वापरावेत. त्यांनी आर्मचे कोन बदलत नाहीत.

मागे कॉइल आणि लांब ट्रेलिंग आर्म असतील तर स्प्रिंग छोटी केल्यावर ॲक्सल एका बाजूला सरकतो, कारण त्याला आडवा धरून ठेवणारा दांडा कोनात जातो. त्याची टोकाची जागा बदलली नाही तर एक टायर हौद्याला घासतो. मागे पाटे असतील तर ॲक्सल पाट्याखालून काढून वर बसवणारा संच मिळतो. त्याने गाडी चांगलीच खाली येते, पण ॲक्सल आणि चासी यांच्यात जागा उरत नाही. पूर्ण वजनात ॲक्सलला चासीच्या रबरी ठोकळ्यापर्यंत (बंप स्टॉप) किमान दोन इंच प्रवास हवा. नसेल तर चासीला वरच्या दिशेने खाच घ्यावी लागते. खाच घेताना आधी दोन्ही बाजूंना चासी टेकवा, एका वेळी एकच बाजू करा, कोपरे गोल ठेवा आणि मजबुतीची पट्टी चासीइतकी किंवा जास्त जाड घ्या. पट्टीची टोकं तिरपी कापा. चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर सरळ आडवी वेल्डिंग केली तर चासी नेमकी तिथेच तडकते.

उंची बदलली की प्रॉपेलर शाफ्टचे कोन पुन्हा मोजा. गिअरबॉक्सचा कोन आणि पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट शिरतो त्या गिअरचा) कोन एकमेकांना समांतर आणि प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटवर १ ते ३ अंश, हे लक्ष्य. विशिष्ट वेगाला बसणारी थरथर बहुतेक वेळा इथूनच येते, आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

इंजिन आणि गिअर

आता इंजिन. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २० ते ३० मिलिलिटर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओता, दोन-तीन दिवस ठेवा. ॲसिटोनजवळ ठिणगी नको. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. स्टार्टरने झटका दिला तर अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. इंजिन मोकळं झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, प्लग न लावताच स्टार्टरने फिरवा, मीटरवर प्रेशर दिसेपर्यंत. पेट्रोलची टाकी या काळातल्या बहुतेक गाड्यांत सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. ते काढा आणि टाकी साफ करून घ्या. रिकामी टाकी वेल्ड करायला जाऊ नका, तिच्यातली वाफ बाँबसारखी फुटते. बदल करणाऱ्यांनी टाकी चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये, हौद्याखाली न्यावी.

सपाट टॅपेटच्या जुन्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, जस्ताचं प्रमाण साधारण १२०० पीपीएम (दशलक्षात १२०० भाग) असलेलं ऑइल लागतं. हायवेवर इंजिन फार ओरडत असेल तर कारण डिफरन्शिअलमध्ये आहे. डिफरन्शिअलच्या ४.११ गुणोत्तराला गिअरबॉक्समधला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वेगवान गिअर, जोडला तर शेवटचं गुणोत्तर २.८८ येतं. पण १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या (म्हणजे तेवढं ओझं वाहणाऱ्या) शेव्हरोलेत प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असतो. तिथे आधुनिक गिअरबॉक्स लावायचा तर मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. जनरल मोटर्सचा ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडलात तर कार्बोरेटरपासून येणारी त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल अचूक लावा. ती ढिली राहिली तर आतला दाब कमी पडतो आणि क्लच प्लेटा थोड्याच अंतरात जळतात.

वायरिंग

६ व्होल्टवरून १२ वर जाताना बल्ब, कॉइल, हीटरची मोटर आणि पेट्रोलचा मीटर यांचा विचार करावा लागतो. मीटरला व्होल्टेज कमी करणारा तुकडा, कॉइलला रेझिस्टर. ६ व्होल्टच्या वायरी जाड असतात, पण वरचं कापडी वेष्टण कुरकुरीत झालेलं असेल तर त्या काढाच. १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला असतो. तो उलटवलात तर अँपिअर मीटर आणि कॉइलच्या वायरीही उलटवा. मोठा अल्टरनेटर बसवला की मूळ अँपिअर मीटर काढून व्होल्टमीटर लावा, कारण सगळा करंट त्यातूनच जातो आणि डॅशमागे वायर वितळते. इंजिन-चासी, चासी-केबिन आणि बॅटरी-चासी अशा तीन स्वच्छ अर्थ पट्ट्या लावल्या की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

पहिली फेरी छोटी ठेवा. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्यभागी हात लावून बघा. एकच चाक जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय. ८० किलोमीटर झाले की पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नवीन यू-बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांत बसतात आणि ढिले होतात. ढिल्या बोल्टवर ॲक्सल सरकला की मध्यभागाचा पिन कापला जातो.