मध्यम हॉटेलविषयीचे मत नेमके कसे लिहावे

धरमपेठेतून बजाजनगरकडे किंवा मनीषनगरातून बेसा रस्त्याकडे जाताना अशी हॉटेले ओळीने लागतात, ज्यांच्या एकाच मेनूकार्डावर पनीर बटर मसाला, शेजवान नूडल्स, तंदुरी रोटी आणि सावजी मटण शेजारी शेजारी छापलेले असते. नागपुरात वाढदिवस, पगाराचा दिवस, गावाहून आलेले पाहुणे किंवा घरी स्वयंपाक न झालेली रविवारची रात्र बहुधा अशाच ठिकाणी पार पडते. तरीही या हॉटेलांविषयी ग्राहकांनी नोंदवलेली मते वाचायला घेतली, तर ‘ठीक आहे’, ‘ओके ओके’, ‘पैसा वसूल’ एवढ्यावर ती संपतात. नामवंत ठिकाणाविषयी लोक भरभरून लिहितात आणि जिथे मनस्ताप झाला तिथेही हात सैल सोडून लिहितात, पण मधल्या दर्जाच्या हॉटेलविषयी तपशील द्यावा असे कोणाला वाटत नाही. खरे तर तपशिलाची गरज तिथेच सर्वांत जास्त असते, कारण असे हॉटेल सरसकट चांगले किंवा वाईट नसते. त्यात दोन पदार्थ चांगले असतात, सहा पदार्थ टाळावेत असे असतात, आणि ते दोन कोणते एवढेच वाचणाऱ्याला हवे असते.

मत लिहिण्याची तयारी जेवणाच्या आधीच करावी लागते. आपण ज्या ठिकाणी जात आहोत ते स्वतःला काय म्हणवते, हे आधी ठरवावे. इतवारी, महाल किंवा गोळीबार चौकाच्या परिसरातील जुने सावजी भोजनालय, वर्धा मार्गावरील वातानुकूलित फॅमिली रेस्टॉरंट, सदरमधील परमिट रूम आणि मोठ्या आवाजात संगीत लावणारा पब यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. भोजनालयात टेबलावर कापडी रुमाल नव्हता ही तक्रार होऊ शकत नाही. पण तिथला रस्सा पातळ आणि वासाला कच्चा असेल, तर ती मोठी तक्रार आहे.

सावजीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण बाहेरगावच्या माणसाची सर्वाधिक दिशाभूल याच पदार्थाबाबत होते. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून ही पाककृती शहरात पसरली. भाजून वाटलेल्या मसाल्यातील काळी मिरी, लवंग, दगडफूल, खसखस आणि पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल यांमुळे तिला स्वतःची चव येते. मध्यम हॉटेलात मात्र अनेकदा कांदा-टोमॅटोची एकच तांबडी ग्रेव्ही सकाळी करून ठेवलेली असते आणि त्याच ग्रेव्हीत वरून मसाला व लाल तेल घालून ‘सावजी’ वाढले जाते. म्हणून ‘खूप तिखट होते’ एवढे लिहून भागत नाही. तिखटपणा जिभेच्या टोकाला लागून विरला की घशाखाली उतरल्यावर मसाल्याची ऊब जाणवत राहिली, रश्श्याला दाटपणा वाटणाने आला होता की पिठाने, वरची तर्री रश्श्यात मुरलेली होती की वेगळी तरंगत होती, ही निरीक्षणे लिहावीत. ग्रेव्ही एकच आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे नावाने अगदी भिन्न अशा दोन भाज्या मागवणे आणि पोळीच्या तुकड्याने फक्त रस लावून पाहणे.

शब्द वापरताना वाचणारा पुण्या-मुंबईचाही असू शकतो याचे भान ठेवावे. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे ‘सांबारवडी छान होती’ असे वाचून इडलीसोबतचे सांबार डोळ्यांसमोर आणणारे वाचक असतात. पाटोडी रस्सा, गोळाभात, वडाभात, तर्री-पोहे या नावांपुढे अर्ध्या वाक्यात पदार्थ काय आहे ते सांगितले, तर वाचणाऱ्याचा अपेक्षाभंग टळतो. विशेषतः डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी राज्यभरातून माणसे इथे येतात आणि संध्याकाळी कुठे जेवावे हे अशाच मतांवरून ठरवतात.

महिना, वार आणि वेळ यांचा उल्लेख कधीही गाळू नये. आपल्या शहरात ही केवळ औपचारिक नोंद राहत नाही. मध्यम हॉटेलांतील पुष्कळ दालने अजूनही मोठ्या कुलरवर चालतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे कुलरच्या पाण्याचे बाष्प चटकन होऊन दालन खरोखर थंड राहते. तेच दालन जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चिकट आणि कोंदट होते, कारण हवेत आधीच ओलावा असल्याने पाणी उडत नाही. मे महिन्यात लिहिलेले ‘बसायला आरामशीर’ हे मत ऑगस्टमध्ये खोटे ठरते, आणि त्यात लिहिणाऱ्याचा दोष एवढाच की त्याने महिना सांगितला नाही. वाराचेही तसेच आहे. श्रावणात मांसाहारी पदार्थांना गिऱ्हाईक कमी असते, आषाढाच्या अखेरच्या रविवारी उभे राहायला जागा नसते, आणि लग्नसराईत त्याच हॉटेलचे निम्मे वाढपी वरच्या मजल्यावरील समारंभात गुंतलेले असतात. अशा दिवशी रोटी उशिरा आली, तर उशीर अवश्य लिहावा, पण सोबत दिवसही लिहावा. मी एकदा 31 डिसेंबरच्या रात्रीच्या अनुभवावरून सदरमधील एका जागेविषयी कडक शब्दांत लिहिले होते. पुढे फेब्रुवारीत एका साध्या मंगळवारी दुपारी तिथेच जेवताना आधीचे मत मला बदलावे लागले. तेव्हापासून मध्यम दर्जाच्या कोणत्याही ठिकाणी दोनदा, आणि शक्यतो एकदा गर्दीच्या व एकदा निवांत वेळी, गेल्याशिवाय मी मत नोंदवत नाही. दुसऱ्यांदा जाणे शक्य नसेल, तर ‘एकाच भेटीवरून’ हे दोन शब्द आरंभीच घालावेत.

परमिट रूम आणि पब यांविषयी लिहिताना लोक मद्याच्या नावांची यादी देतात, जी फारशी उपयोगाची नसते. कारखान्यातून बंद होऊन आलेली बिअरची बाटली या चौकात आणि त्या चौकात एकच असते. त्या जागेने तिच्यात स्वतःची भर काय घातली, हे पाहायचे असते: बाटली खरोखर थंड होती का, ती टेबलावर आपल्यासमोर उघडली का, 30 किंवा 60 मिलिलिटरचा पेग मापानेच ओतला का, चकण्याचे शेंगदाणे मऊ पडलेले होते का, फोडणीतील तेल जुने होते का, संगीताच्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत होते का. स्वच्छतागृहाची स्थिती, धूम्रपानाचा धूर आत येतो का, आणि रात्री उशिरा बाहेर पडल्यावर रिक्षा किंवा टॅक्सी सहज मिळते का, या गोष्टी तर लिहायलाच हव्यात. चार मैत्रिणींना तिथे निर्धास्त बसता येईल का, फॅमिली विभागाचा रस्ता बारमधूनच जातो का, हे बहुतेक पुरुष ग्राहकांच्या ध्यानातही येत नाही. सोबतच्या स्त्रीला विचारून ते एक वाक्य जरूर लिहावे. एक खबरदारीही घ्यावी. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षांची आहे. त्यामुळे तेवीस वर्षांच्या मुलाला व्हिस्की नाकारणारा वेटर उद्धट नसून नियम पाळणारा असतो, आणि त्यावरून तारे कमी करणे चुकीचे आहे.

बिल टेबलावर येताच पैसे देऊन मोकळे होण्याआधी ते वाचावे, कारण मताचा सर्वांत भक्कम भाग तिथूनच मिळतो. साध्या रेस्टॉरंटमधील खाद्यपदार्थांवर 5 टक्के जीएसटी असतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, म्हणून खाण्याची आणि पिण्याची बेरीज करून त्या सगळ्यावर जीएसटी लावलेला दिसला, तर तो तिथेच दाखवून द्यावा. लहान हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या ठोक कराच्या योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. बिलावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असायला हवा. सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार हॉटेलला ते परस्पर बिलात घालता येत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या. उलट पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून लोक संतापाने लिहितात, मात्र हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिलेला आहे. तिथे ‘पाण्याचे दर जास्त’ एवढेच लिहावे, ‘बेकायदा’ लिहू नये. वर्धा मार्गावरील एका ठिकाणी माझ्या बिलात 10 टक्के सेवाशुल्क होते, मी विचारताच ते वाद न घालता काढून टाकले. या दोन्ही गोष्टी मतात आल्या पाहिजेत. पहिली सांगून दुसरी लपवली, तर वाचणाऱ्याला अर्धेच चित्र मिळते. हॉटेलने ऐकलेच नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मत आणि तक्रार यांची कामे वेगळी आहेत.

ताऱ्यांविषयी थोडा हिशेब समजून घ्यावा. वीस जणांपैकी प्रत्येकाने तीन तारे दिले तरी सरासरी 3 येते, आणि दहा जणांनी पाच व दहा जणांनी एक तारा दिला तरी ती 3 येते. पहिले हॉटेल खरोखर साधारण आहे. दुसऱ्या हॉटेलात बहुधा एक पदार्थ किंवा एक वेळ उत्तम आणि बाकी सारे बिघडलेले आहे. शिवाय ज्या नव्या हॉटेलकडे दहाच मते आहेत आणि सरासरी 4 आहे, तिथे आपण रागाने एक तारा दिला तर सरासरी एकदम 3.7 वर येते. पाचशे मते असलेल्या ठिकाणी त्याचा मागमूसही लागत नाही. साध्या जेवणाला तीन तारे देणे हा अपमान नाही. सगळेच पाच किंवा एक तारा देऊ लागल्याने तीनचा अर्थ बिघडला आहे, आणि तो नीट व्हावा असे मला मनापासून वाटते. मालकाने गुलाबजाम पुढे करून ‘पाच तारे द्या’ म्हटले, तर गुलाबजाम नम्रपणे परत करावा. खाल्लाच असेल तर तसे लिहावे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन मतांसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढले, त्यातही विकत घेतलेली मते प्रसिद्ध करू नयेत असेच म्हटले आहे.

घरी मागवलेल्या जेवणावरून हॉटेलविषयी मत देऊ नये, द्यायचेच असेल तर ‘घरपोच’ असे स्पष्ट लिहावे.

एका बाबतीत मात्र लेखणी आवरावी लागते. पोट बिघडले की माणूस शेवटच्या जेवणाला दोष देतो, परंतु काही जिवाणूंचा त्रास काही तासांत तर साल्मोनेलासारख्यांचा कित्येकदा दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे कारण परवाचे दुसरेच काही असू शकते. डॉक्टरांना दाखवावे, एकाच पदार्थाने अनेकांना त्रास झाला असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावे, आणि मतात ‘विषबाधा’ हा निष्कर्ष न लिहिता प्रत्यक्ष जे दिसले तेवढेच लिहावे: भाताला आंबूस वास होता, चटणीवर बुरशी होती, ताट धुतलेले नव्हते. डोळ्यांनी पाहिलेले लिहिणाऱ्याला कोणाला भ्यावे लागत नाही. तर्काने केलेला आरोप बदनामीच्या कलमापर्यंत जाऊ शकतो. वेटरचे नाव चुकांच्या संदर्भात लिहू नये, तक्रार बहुधा त्याच्या पगारातून वसूल होते. शेजारच्या टेबलावरील माणसे छायाचित्रात येऊ देऊ नयेत, आणि बिलाचे छायाचित्र टाकण्याआधी आपला मोबाइल क्रमांक झाकावा.

हे सगळे एका काल्पनिक हॉटेलविषयी लिहिले, तर ते साधारण असे दिसेल:

‘जूनअखेरच्या रविवारी दुपारी दीडला आम्ही चौघे गेलो, सोबत सत्तरीची आई होती. पंधरा मिनिटांत जागा मिळाली. पायऱ्या सहा आहेत आणि कठडा नाही. पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात, चांगला होता: वड्या मऊ, तिखट मध्यम, आईलाही चालला. पनीर कोल्हापुरी आणि व्हेज हंडी यांचा रस एकच होता. रोटीची दुसरी फेरी पंचवीस मिनिटांनी आली. दोन कुलर चालू असूनही घाम येत होता. बिल 1,180 रुपये, सेवाशुल्क नाही. पाटोडी रस्सा आणि वरणभातासाठी पुन्हा जाईन, पंजाबी भाज्यांसाठी जाणार नाही. तीन तारे, एकाच भेटीवरून.’

यात ‘अप्रतिम’ नाही आणि ‘भिकार’ही नाही, पण वृद्ध आईला घेऊन जाणाऱ्याला, नुसते रस्सा-भात खाऊ इच्छिणाऱ्याला आणि पावसाळ्यात वातानुकूलन शोधणाऱ्याला आपापले उत्तर मिळते. लिहून झाल्यावर ते लगेच प्रसिद्ध न करता सकाळी पुन्हा वाचावे. रात्रीच्या उशिराचा राग सकाळी एका वाक्यात मावतो.

मध्यम हॉटेलची चव बहुतेक वेळा एका आचाऱ्याच्या हातात असते. तो दुसरीकडे गेला की पाटी, मालक, मेनूकार्ड तेच राहून रस्सा मात्र काही आठवड्यांत बदलतो. त्यामुळे वर्षभराने पुन्हा जाणे झाले तर जुने मत उघडून त्याखाली नवी तारीख घालावी आणि काय बदलले ते दोन ओळींत लिहावे. वेटरला ‘आचारी तेच आहेत का?’ असे विचारले तर तो सहसा खरे सांगतो, आणि ते उत्तरही मतात लिहावे.