गाडीत गाणं लावलं, नि भुणभुण ऐकू आली

आयपॉड, म्हणजे गाणी वाजवायचा खिशातला प्लेअर, बनवणं ॲपल कंपनीने २०२२ मध्ये बंद केलं, माझा मात्र अजून वाजतो. आईने जमवलेली नाट्यगीतं त्यात आहेत नि अमरावतीला जाताना ती लागतातच.

गाडीच्या स्टीरिओला ऑक्स, म्हणजे बाहेरचा प्लेअर जोडायचं गोल भोक, असेल तर सोपं. दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन असलेली वायर नागपुरात बर्डीवर मिळते. पिनेवर दोन काळ्या रेघा बघून घ्या. तीन रेघांची माइकवाली असते. ती कधीकधी नीट टेकत नाही, मग गाणारा गायब आणि पेटी-तबलाच ऐकू येतो. मला वाटलं, फाइलच बिघडली!

प्लेअरचा आवाज पाऊण ठेवा, बाकी स्टीरिओवर वाढवा. प्लेअर बारीक ठेवून स्टीरिओ फुल केला की खरखर वाढते.

आता भुणभुण. वर्धा रोडवर ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा. मी इंजिनवर संशय घेतला, मेकॅनिकने बेल्टही बदलला. शेवटी पोराने आयपॉडचा चार्जर उपसला आणि गाडी गप्प! चार्जर आणि ऑक्स दोन्हीकडून अर्थिंग जोडली जाते, त्या फेऱ्यातून अल्टरनेटरची कटकट गाण्यात शिरते. उपाय दोन: बॅटरीवर वाजवा, नाहीतर ऑक्सच्या वायरीत हा फेरा तोडणारी ग्राउंड लूप आयसोलेटरची डबी लावा. बेल्टचे पैसे काही परत आले नाहीत.

ऑक्स नाही, पण कॅसेट डेक आहे? कॅसेट ॲडॅप्टर घ्या, म्हणजे आयपॉडला जोडायची वायर असलेली नकली कॅसेट. तेही नसेल तरच एफएम ट्रान्समीटर, तो आयपॉडचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवतो. रेडिओवर ८७.५ ते १०८ मध्ये रिकामी जागा शोधायची. नागपुरात १००.६ वर विविध भारती आहे, तिच्या शेजारी बसू नका. गाव सोडलं की जागा पुन्हा शोधावी लागते.

घरच्या ॲम्प्लिफायरला एका टोकाला ३.५ ची पिन, दुसऱ्याला लाल-पांढऱ्या आरसीए पिना अशी वायर लागते. लाल म्हणजे उजवा स्पीकर. ऑक्स, सीडी, टेप, कुठेही खोचा, फक्त फोनोमध्ये नको भाऊ. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं, तिथे गाणं फाटतं. खोचताना ॲम्प बंद ठेवा, नाहीतर स्पीकर दणकन वाजतो.

आणि मे महिना. ४५ अंशांपेक्षा गरम जागी ठेवू नका, असं कंपनीच सांगते. तेवढं तर आपल्याकडे कधीकधी सावलीतच असतं, बंद गाडीचं विचारूच नका. म्हणून लग्नाच्या पंगतीतही आयपॉड माझ्या खिशात असतो, रुमालात गुंडाळलेला.