सीझनची ॲड लावण्याआधी: खोट्या क्लिकसाठी तयारी

हापूसच्या पेट्यांसाठी किंवा तारकर्लीतल्या खोल्यांसाठी गूगलवर ॲड लावणार असाल, तर ही तयारी फेब्रुवारीतच उरका, कारण गिऱ्हाइकाचा नसलेला खोटा क्लिकही तुमचेच पैसे खाऊ शकतो. पेमेंट, फोटो, फोन नंबर सगळेच बघतात. लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची सर्व्हरवरची नोंद, कोणी बघत नाही. गेल्या सीझनला आमचंही नेमकं तेच राहिलं, म्हणून आधी लॉग.

होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (साइट सांभाळायच्या पानावर) 'रॉ ॲक्सेस' उघडा. लॉग साठवण्याच्या चौकटीत खूण करा आणि जुन्या महिन्याचे लॉग पुसण्याची खूण काढा. दोन्ही करा, एक करून भागत नाही. क्लिक करणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा नंबर) गूगल दाखवत नाही, तो तुमच्याच लॉगमध्ये असतो. खोट्या क्लिकची गूगलकडे तक्रार करायला तारीख, वेळ, आयपी आणि क्लिकचा जीसीएलआयडी (गूगलने त्या क्लिकला दिलेला ओळखक्रमांक) लागतो, आणि ६० दिवसांपेक्षा जुन्या क्लिकचा तपास होत नाही. मे संपल्यावर हिशेबाला बसलात तर मार्च हातचा गेला. दर शनिवारी लॉग उतरवून घ्या.

गूगल ॲड्सच्या खात्यात ऑटो-टॅगिंग (पत्त्याला जीसीएलआयडी आपोआप जोडणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर लॉगमध्ये जीसीएलआयडी येणारच नाही. मग साइटच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि 'जीसीएलआयडी=टेस्ट' हे इंग्रजी लहान अक्षरांत टाकून मोबाइलवरून पान उघडा आणि ती ओळ लॉगमध्ये उतरली का बघा. नसेल उतरली तर ॲड चालू करू नका. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर (येणारी ये-जा आधी स्वतःकडून नेणारी सेवा) लावलं असेल तर लॉगमध्ये त्याचेच आयपी दिसतात. होस्टिंगवाल्याकडून खरे आयपी नोंदवून घ्या. लॉगची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

ॲडच्या लोकेशनमध्ये 'त्या भागात असलेले' एवढेच लोक निवडा. नुसता रस दाखवणारेही मुळात धरलेले असतात. पेट्या मुंबई-पुण्याला जाणार असतील तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग सरळ वगळा, शेजारच्या बागवाल्यांचे कुतूहलाचे क्लिक तिथेच थांबतात. खोलीवाल्यांनी मात्र वगळू नये. मालवणच्या जेटीवर उभा राहून संध्याकाळी खोली शोधणारा पर्यटक तुमचाच आहे.

सर्च कॅम्पेनमध्ये (गूगलवर शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या ॲडमध्ये) डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर, म्हणजे ॲड दाखवणाऱ्या इतरांच्या साइट आणि ॲप, बंद. गेमच्या ॲपमध्ये बोट चुकून पडलेल्या क्लिकचे पैसे कशाला भरायचे?

आयपी ब्लॉक करायची घाई नको. कॅम्पेनला ५०० आयपी वगळता येतात, पण मोबाइल डेटावर एकाच आयपीमागे शेकडो माणसं असतात. एकाला अडवायला जाल आणि खरी गिऱ्हाइकं घालवाल. ब्रॉडबँडचा तोच आयपी ॲडवरून पुन्हापुन्हा येतोय, असं लॉगमध्ये दिसलं तरच ब्लॉक करा. लॉग नसेल तर हा निर्णय घेताच येत नाही.

स्वतःची ॲड बघायला स्वतः क्लिक करू नका, प्रिव्ह्यूचं टूल आहे. सूड म्हणून दुसऱ्याच्या ॲडवर तर अजिबात नाही.

बाकी थोडक्यात. रिपोर्टमध्ये अवैध क्लिकचा कॉलम लावा. त्यातल्या क्लिकचे पैसे गूगलनेच धरलेले नसतात, ते पुन्हा मागू नका. चौकशीच्या फॉर्मला कॅप्चा (माणूस की यंत्र हे तपासणारी चाचणी) लावा, नाहीतर खोट्या चौकशांना कन्व्हर्जन, म्हणजे खरं गिऱ्हाईक, समजून ऑटो बिडिंग (गूगलने आपोआप ठरवलेली क्लिकची बोली) त्यांच्याच मागे लागतं. बजेट बेतानं, एका दिवशी ठरवल्याच्या दुप्पट खर्च होऊ शकतो. आणि सीपॅनेलमधली ती दुसरी खूण खरंच काढलीत का, आत्ता उघडून बघा.