बाड गास्टाइनला उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जाताना या चुका टाळा

ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतातील बाड गास्टाइन हे गाव आपल्याकडील पर्यटकांच्या आखणीत बहुधा साल्झबुर्ग पाहून उरलेल्या एका दुपारपुरते येते, आणि इथल्या निम्म्या चुका त्या एका दुपारीतूनच उगवतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटर उंचीवर, अरुंद दरीच्या उतारांना बिलगून वसलेल्या या गावाच्या मधोमध 341 मीटर उंचीचा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो आणि त्याच डोंगराच्या पोटातून रोज लाखो लिटर गरम पाणी बाहेर येते. नावातील 'बाड' या शब्दाचा अर्थच स्नान असा आहे. साल्झबुर्गहून रेल्वेने साधारण दीड तासात पोहोचता येत असले, तरी किमान दोन रात्री हाताशी नसतील तर धबधब्याचे छायाचित्र काढून परतण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

सुट्टी आपली, हंगाम त्यांचा

सर्वांत महागात पडते ती हंगामाची चूक. मराठी कुटुंबे शाळांच्या सुट्ट्या पाहून निघतात, म्हणजे मे महिन्यात किंवा दिवाळीत; आणि दुर्दैवाने हे दोन्ही काळ गास्टाइनच्या दोन हंगामांमधल्या फटीत पडतात. बर्फावरचे खेळ साधारण डिसेंबरपासून ईस्टरच्या आसपासपर्यंत चालतात. त्यानंतर रोपवे दुरुस्तीसाठी थांबतात, अनेक हॉटेले दारे लावून घेतात, आणि उंचावरील वाटांवर मात्र जूनपर्यंत बर्फ टिकून राहते. नोव्हेंबरमध्येही तीच गत असते: डोंगरावर धड हिरवळ नाही, धड बर्फ नाही. त्यामुळे मेच्या पूर्वार्धात केवळ 'युरोपचा उन्हाळा' या समजुतीवर आरक्षण केलेल्या माणसाला बंद खिडक्यांचे गाव पाहावे लागते. पायवाटा आणि रानफुले हवी असतील तर जूनअखेर ते सप्टेंबर, आणि बर्फ हवे असेल तर जानेवारी ते मार्चचा मध्य, हे काळ धरावेत. आरक्षण आधीच होऊन गेले असेल तर रोपवे आणि स्नानगृह या दोहोंच्या बंद-तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर पाहाव्यात. स्नानगृहेही वर्षातून काही दिवस देखभालीसाठी बंद असतात.

उभे गाव

नकाशावर तीनशे मीटर दिसणारे अंतर इथे प्रत्यक्षात जिन्यांचे असते. रेल्वे स्थानक आणि श्टुब्नरकोगल या डोंगराचा रोपवे वरच्या अंगाला आहेत, तर जुनी भव्य हॉटेले धबधब्याभोवती खाली उतरत गेली आहेत. जड बॅगा आणि गुडघेदुखीचे ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर खोली निवडताना हॉटेलच्या तारांकनापेक्षा स्थानकापासूनचा चढ-उतार विचारून घेणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि हॉटेलची गाडी स्थानकावर घ्यायला येते का, हेही.

दरीत डोर्फगास्टाइन, बाड होफगास्टाइन आणि बाड गास्टाइन अशी सारख्या नावांची तीन स्थानके आहेत. नावसाधर्म्यामुळे चुकीच्या ठिकाणी उतरणारे प्रवासी थोडे नाहीत, आणि होफगास्टाइनचे स्थानक तर गावापासून इतके दूर आहे की बसशिवाय इलाज नसतो. मोटारीने येणाऱ्यांची चूक निराळी असते: दरीच्या दक्षिण टोकाला रस्ता संपतो. पलीकडे केर्न्टन प्रांतात जायचे तर ब्योकश्टाइन येथे मोटार रेल्वेच्या डब्यावर चढवून 1909 साली खुल्या झालेल्या टाउअर्न बोगद्यातून न्यावी लागते, त्यामुळे त्या गाडीचे वेळापत्रक आधी पाहावे. 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असल्यास हिवाळी टायर बंधनकारक असतात. मोटार भाड्याने घेताना ते बसवलेले आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

पाण्याविषयीचा गैरसमज

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या माणसाला गरम पाणी म्हटले की गंधकाचा वास अपेक्षित असतो. गास्टाइनच्या पाण्याला तो जवळजवळ नाही, त्यात क्षारही कमी आहेत, आणि म्हणून 'हे तर साधेच पाणी' असा समज होतो. प्रत्यक्षात या पाण्याची ख्याती त्यातील रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे आहे. सांधेदुखीच्या, विशेषतः मणक्याच्या दाहाच्या रुग्णांवर इथे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे उपचार केले जातात. रेडॉन दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही तितकेच मान्य झालेले आहे. म्हणूनच मात्रा आणि कालावधी डॉक्टर ठरवतात. गर्भवतींनी आणि ताप किंवा संसर्ग असलेल्यांनी या उपचाराच्या वाटेला जाऊ नये.

ब्योकश्टाइनजवळील उपचार-बोगदा हा या विषयाचा गाभा आहे. 1940 च्या दशकात सोने शोधण्यासाठी खोदलेल्या या बोगद्यात छोटी रेल्वेगाडी रुग्णांना सुमारे दोन किलोमीटर आत नेते. तेथे 37 ते 41.5 अंश तापमानात आणि दमट हवेत ठरावीक वेळ पडून राहायचे असते. तेथे पर्यटक म्हणून सहज डोकावता येईल, ही अपेक्षा चुकीची आहे, कारण प्रवेशापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि खरा उपचारक्रम दोन-तीन आठवड्यांचा असतो. एका फेरीने पाठदुखी जाईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी तर हा विचारच सोडावा. केवळ निवांत डुंबायचे असेल, तर खडकात कोरलेले फेल्झनथेर्मे किंवा होफगास्टाइनचे आल्पेनथेर्मे यांपैकी एखादे स्नानगृह पुरेसे आहे. हिवाळ्यात उघड्या तलावातील वाफेतून बर्फाच्छादित शिखरे पाहण्याचे सुख तिथेच मिळते, आणि माझ्या मते हिवाळ्यात येण्याचे तेच सर्वांत भक्कम कारण आहे.

तलावात पोहण्याचा पोशाख लागतो. सौना विभागात, म्हणजे घाम काढणाऱ्या उष्ण खोल्यांत, मात्र स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र असतात. ही तिथली सर्वमान्य रीत आहे आणि पोशाख घालून आत गेल्यास उलट आपल्यालाच हटकले जाते. संकोच वाटत असेल तर तिकीट घेतानाच सौना वगळावा.

डोंगरावर

उन्हाळ्यात सकाळचे निळे आकाश पाहून दुपारी श्टुब्नरकोगलवर जाणारे लोक अनेकदा वादळात सापडतात, कारण जुलै-ऑगस्टमध्ये विजांचा कडकडाट बहुधा दुपारनंतर सुरू होतो. तेथील 140 मीटर लांबीचा झुलता पूल आणि स्वच्छ हवेत दिसणारे 3798 मीटर उंचीचे ग्रोसग्लोकनर शिखर सकाळच्या पहिल्या फेऱ्यांतच पाहून घ्यावे. खाली ऊन असले तरी वर वारा बोचरा असतो, म्हणून ऑगस्टमध्येही जाड जॅकेट बरोबर ठेवावे. हिवाळ्यात दिवस लहान होतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास काळोख पडतो. साध्या बुटांनी गोठलेल्या पायऱ्या उतरणे हा तर हाड मोडून घेण्याचा सोपा उपाय आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच, पण त्यात स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका यांचा समावेश आहे का, हे क्वचितच कोणी वाचते; ऑस्ट्रियात डोंगरावरील खेळात झालेल्या अपघातानंतरचे हेलिकॉप्टरचे बिल बहुधा रुग्णाच्याच हाती येते. मदतीसाठी पर्वतीय बचाव पथकाचा क्रमांक 140 आणि सर्वसाधारण क्रमांक 112 आहे.

शाकाहारी मंडळींनी सूपबाबत सावध राहावे: चीजचे तळलेले गोळे घातलेले स्थानिक सूप बहुधा गोमांसाच्या रश्शातच असते. केझश्पेत्सले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या छोट्या पिठाच्या शेवया, हा बरा पर्याय असतो, मात्र त्यात अंडे असते. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा फळे, दही आणि पाव शनिवारी संध्याकाळपूर्वीच आणून ठेवावेत.