पोरांना शिकायची गोडी लावायचीय? वर्गात प्रश्नपेटी ठेवून बघा

"हे परीक्षेला येणार का सर?" हे एकदा पाचवी-सहावीत सुरू झालं की पोरं तेवढंच वाचतात आणि पेपर झाला की पुस्तक रद्दीत. यावर भाषण देऊन काही होत नाही, पण प्रश्नपेटी नीट चालवली तर फरक पडतो. नीट म्हणतोय कारण पेटी बऱ्याच शाळांत असते, फक्त तपासणीला साहेब येणार असले की तिच्यावरची धूळ पुसतात.

बुटांचा खोका घ्या, झाकणाला चीर पाडा आणि वर्गात मागे ठेवा, सरांच्या टेबलावर नको, पोरं लाजतात. मनात येईल तो प्रश्न पोरांनी चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, चिठ्ठीवर नाव नको. सुरुवातीला 'भारताची राजधानी कोणती' टाइप प्रश्न येतील, तेव्हा आपणच एखादी चिठ्ठी टाकायची, जिचं उत्तर आपल्यालाही खरंच येत नाही अशी.

मग शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास काढा आणि एकच चिठ्ठी उघडा. समजा निघालं, मुंग्या रांगेतच का चालतात? इथे बहुतेक जण लगेच उत्तर सांगून मोकळे होतात आणि तिथेच मजा संपते. आधी सगळ्यांचे अंदाज फळ्यावर घ्या, 'पुढची मुंगी मॉनिटर असते' हेसुद्धा. मग व्हरांड्यात चिमूटभर साखर टाका, रांग लागली की मधेच ओल्या फडक्याने फरशीचा एक पट्टा पुसून काढा. मुंग्या त्या पट्ट्याशी येऊन थबकतात, गोल फिरतात, काही मागे वळतात, मग एखादी पलीकडे पोचते आणि हळूहळू रांग परत जुळते. आता आपण गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. अगदीच कोणी बोललं नाही तर एवढंच विचारा, साखर तर जागेवरच आहे ना, मग अडल्या कशाला? वाटेवर त्या वास सोडत जातात आणि आपण तोच पुसला, हे शेवटी सांगा.

मार्क नाहीत, 'उत्कृष्ट प्रश्न' वगैरे बक्षीसही नाही, नाहीतर प्रश्न घरून आई लिहून देते. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात, म्हणजे शाळेत प्रयोगांतून विज्ञान शिकवायच्या उपक्रमात, सवालीराम नावाचं काल्पनिक पात्र होतं, पोरं त्याला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरं जायची. आपल्याकडे टपाल नसलं तरी पोरांना शोधायला लावता येतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, शाळेच्या प्रोजेक्टरवर लावा. गावातला गवंडी, नर्स, वायरमन यांनाही बोलवा, ते आपल्यापेक्षा भारी सांगतात.

पोर्शन मागे पडतो अशी ओरड होईलच, म्हणून आठवड्याला एकच तास, जास्त नाही. जे प्रश्न सुटले नाहीत ते एका वहीत उतरवा आणि जूनमध्ये ती वही पुढच्या वर्गाच्या बाईंकडे द्या.