माळावरचं गवत मोजायचं तर ठिकाणं अशी काढा

सोलापूरजवळचा नान्नज-मार्डीकडचा माळ लांबून एकसारखा दिसतो. चालायला लागलं की कळतं, ओढ्याकाठी पवन्या गवत गुडघ्याच्या वर आणि शंभर पावलांवर उघडा मुरूम. पहिल्या वर्षी मी नुसत्या चिठ्ठ्या टाकून २० ठिकाणं काढली. त्यातली ११ ओढ्याच्या अंगालाच आली आणि चाऱ्याचा अंदाज भलताच फुगला. त्या आकड्यावर लोकांनी कडबा विकला, हे मला अजून लागून आहे. चिठ्ठ्यांची पद्धत चूक नव्हे, पण एखाद्या सोडतीत ठिकाणं अशी गोळा होतात.

म्हणून सोडत हवीच, पण माळभर पसरणारी. २००४ मध्ये स्टीव्हन्स आणि ओल्सन या संख्याशास्त्रज्ञांनी यासाठीच जीआरटीएस नावाची सोडतीची पद्धत मांडली. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीच्या एसपीसर्व्हे पॅकेजमध्ये ती तयार मिळते. मी हॅल्टन क्रम वापरते, म्हणजे आकडे उलटे करून पसरलेली ठिकाणं काढायची रीत, कारण तो वहीवर जमतो.

नकाशावर माळाभोवती चौकोन आखा. समजा, नैऋत्य कोपऱ्यापासून पूर्वेकडे १२०० मीटर, उत्तरेकडे ९००. दोन्ही दिशांसाठी वेगवेगळा आकडा सोडतीनं काढा. खरे आकडे मोठ्या पल्ल्यातून घ्यावेत. इथं समजायला ५ आणि ६ धरू. पूर्वेचा ५ द्विमान पद्धतीत (नुसते ० आणि १ हे अंक) १०१. तो उलटा करून अपूर्णांक मांडा, घरं अर्धा, पाव, अष्टमांश अशी: अर्धा अधिक एक अष्टमांश, म्हणजे ५/८, म्हणजे ७५० मीटर. उत्तरेचा ६ त्रिमान पद्धतीत (०, १, २ हे अंक) २०. उलटा केला की ०२, घरं तृतीयांश आणि नवमांश, म्हणजे २/९, म्हणजे २०० मीटर. झालं पहिलं ठिकाण. पुढच्यासाठी दोन्ही आकडे एकेकानं वाढवा, ६ आणि ७: पूर्वेला ४५० आणि उत्तरेला ५०० मीटर. बघा, लगेच दुसरीकडे उडी पडली.

पहिलंच ठिकाण माळाबाहेर पडलं तर दोन्ही आकडे पुन्हा काढा. नंतरचं एखादं कुणाच्या ज्वारीत किंवा खाणीत पडलं, तर ते सोडून यादीतलं पुढचं घ्या. २० हवी असतील तर ३५ काढून ठेवा. क्रम मात्र मोडू नका.

जागेवर एक मीटर बाजूची लोखंडी चौकट टाका, विळ्यानं बुडाशी कापा, पिशवीवर क्रमांक घाला, घरी वाळवून वजन करा. कुसळं टोचतात म्हणून चौकट हातभरही सरकवायची नाही. आणि चौकटीत नुसता मुरूम आला तर ती जागा टाळू नका. वहीत शून्य लिहा आणि पुढं चला.