मुरलेली की शिळी? जुन्या बेल्जियन एलची चव कशी घ्यावी आणि त्यावर कसं लिहावं

बहुतेक बिअर ताजी असतानाच प्यायची असते. बाटलीत भरल्या दिवसापासून तिची चव उतरायला लागते. याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांत बेल्जियमच्या गडद, कडक एल या बिअरप्रकाराचा मान पहिला. शिमेची निळी (९ टक्के अल्कोहोल), सेंट बर्नार्डस आब्ट १२ (१० टक्के), वेस्टफ्लेटेरेन १२ (१०.२ टक्के) आणि रोशफोर १० (११.३ टक्के) ही त्यांतली ठळक नावं. यांना बाटलीत पुन्हा एकदा आंबवतात. बाटलीतलं जिवंत यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेतं, भरपूर अल्कोहोलमुळे बिअर टिकते आणि गडद माल्टच्या (मोड आणून भाजलेल्या धान्याच्या) चवीत जुनेपणाच्या काही चवी छान मिसळून जातात.

पण पाच वर्षं कपाटात पडली म्हणून बाटली मुरली, असं होत नाही. बरणीत नीट झाकून ठेवलेलं लोणचं मुरतं आणि झाकण सैल राहिलेलं नासतं, वर्षं दोघांचीही तेवढीच असतात. या बिअरवर लिहिणाऱ्याला हाच निवाडा करता आला पाहिजे. खाली दिलेल्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी बाटलीची जन्मकुंडली लिहा

मुंबईत अशा बाटल्या बऱ्याचदा परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, हिशेब अगदी नेमका बसतो. महाराष्ट्रात मद्य जवळ ठेवायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. तो काढून ठेवा.

शिमेच्या निळ्या बाटलीच्या लेबलावर वर्ष छापलेलं असतं. बाकीच्यांवर निदान ‘या तारखेपूर्वी सेवन करावे’ एवढं तरी मिळतं. वहीत सगळ्यांत वर ही तारीख लिहा. त्याखाली बाटली कधी आली, कुठे ठेवली, उभी होती की आडवी, हे लिहा. मुंबईकरासाठी ‘कुठे ठेवली’ हा प्रश्न ‘किती वर्षं ठेवली’ याहून मोठा आहे. या बिअरला १० ते १५ अंश सेल्सिअसचं थंड तळघर मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद घरातल्या माळ्यावर पारा सहज ३० च्या पुढे जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे दादरच्या माळ्यावरची तीन वर्षं आणि बेल्जियमच्या तळघरातली तीन वर्षं एकसारखी नाहीत. परीक्षणात ही नोंद नसेल तर ‘तीन वर्षं जुनी’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

वाइनसाठीचा छोटा फ्रिज असेल तर उत्तम. नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात बाटली उभी ठेवा. तिथे ती सावकाश मुरेल, पण बिघडणार नाही. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या बाटलीचं पत्र्याचं झाकण गंजतं आणि बुचावर बुरशी येते. उघडण्यापूर्वी तोंड पुसून घ्या.

२. घर नाकासाठी तयार करा

संध्याकाळची फोडणी पडण्यापूर्वीची वेळ निवडा. उदबत्ती, धूप, कपाटातल्या डांबरगोळ्या, अत्तर यांतलं काहीही जवळ नको. आणि पंखा बंद करा. आपल्याकडे हे जिवावर येतं, पण ग्लासाच्या तोंडाशी जमलेला वास पंखा उडवून नेतो, मग नाकाला पकडायला काही राहत नाही. फार उकडत असेल तर एसी लावा, फक्त त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका.

ग्लास फुगीर पोटाचा आणि आवळलेल्या तोंडाचा हवा. रेड वाइनचा चालतो. गरम पाण्याने विसळा आणि उलटा ठेवून निथळू द्या. स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका, त्याला हमखास काहीतरी वास असतो.

३. उघडणं आणि ओतणं

गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली दोन दिवस आधीपासून उभी ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर ती १२ अंशांच्या आसपास येऊ द्या. मुंबईच्या हवेत याला फार वेळ लागत नाही, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ असला तर बरं. बर्फासारखी थंड बिअर मुकी असते, तिच्यावर मत बनवू नये.

बाटली खोल ताटलीत ठेवून उघडा. जुनी बाटली कधीकधी फेसाळून उतू जाते. ग्लास तिरका धरून एका संथ धारेत ओता आणि तळाची दोन बोटं बिअर बाटलीतच ठेवा. मधे थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळला जातो.

४. बघा, पण फार रेंगाळू नका

दमट हवेमुळे ग्लासाबाहेर लगेच पाणी सुटतं. ते पुसून मग रंग बघा. दिव्यासमोर धरल्यावर कडेला तांबूस झाक दिसते का? फेस कमी आला म्हणून लगेच गुण कापू नका, वयाबरोबर फेस ओसरणं स्वाभाविक आहे. बुडबुडेच नसतील तर मात्र झाकण गळकं होतं असं समजा.

५. वास: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

पहिला हुंगा सगळ्यांत मोलाचा, कारण नाक लवकर थकतं. छोटे, तुटक श्वास घ्या आणि लगेच लिहा. नाक बधिर वाटलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि मिनिटभर थांबा.

आता काय गेलंय आणि काय आलंय, याचा ताळा मांडा. ताज्या बेल्जियन एलमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. दोन्ही यीस्टने तयार केलेले. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट काळानुसार विघटित होतं आणि लवंगही फिकी पडत जाते, कधी तिच्या जागी व्हॅनिला डोकावतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घातलेल्या कडसर फुलांचा, कडवटपणाही मवाळ होतो. त्या बदल्यात काळ्या मनुका, खजूर, सुकं अंजीर, काकवी, मध आणि शेरी वाइनची आठवण करून देणारी एक खोल छटा येते. हे सगळं मुरल्याचं लक्षण.

शिळेपणाची लक्षणं वेगळी. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिडेशन, ऑक्सिजनमुळे झालेला बिघाड. त्यामागे ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग असतं. गडद बिअरमध्ये तो वास लपतो, म्हणून घोट गिळल्यानंतर तोंडात मागे काय उरतं तिथे त्याला शोधा. सोया सॉससारखा खारट, मांसल वास आला तर तळाचं यीस्ट मरून फुटलं आहे. हा वास किंचित असला तर मला तो आवडतो, पण खजूर-मनुका त्याच्याखाली दबल्या तर बाटलीचे दिवस संपले. व्हिनेगरचा आंबूस झोत या प्रकारात दोषच.

हे वास ओळखायला सराव लागतो आणि मुंबईत तो स्वस्तात होतो. मशीद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून काळ्या मनुका, अंजीर, खजूर, खारीक थोडी थोडी आणा. घरातली लवंग, जायफळ आणि काकवी काढा. सगळं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशी डोळे मिटून हुंगा. खजूर आणि खारीक यांच्या वासात किती अंतर आहे, हे एकदा नाकाला कळलं की नुसतं ‘सुक्या मेव्याचा वास’ असं लिहावंसं वाटत नाही. चवीच्या दिवशी मात्र या वाट्या समोर नकोत.

६. घोट

मध्यम घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा बराचसा भाग त्या श्वासात असतो. या एलमध्ये साखर घालून आंबवतात आणि ती जवळजवळ पूर्ण आंबते, त्यामुळे रंग गडद असूनही बिअर पाकासारखी चिकट लागता कामा नये. शेवट कोरडा, म्हणजे मागे गोडवा न ठेवणारा, आहे का ते बघा. अल्कोहोलची ऊब छातीत जाणवावी, घसा जळू नये.

दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि लोणी न लावलेला लादी पाव. शेव, शेंगदाणे, चकली लिहून होईपर्यंत दूर. नंतर मटण सुकं असेल तर ते या बिअरबरोबर फार छान जमतं, भाजलेल्या खोबऱ्याला हिचा जळक्या साखरेचा गोडवा साथ देतो.

ग्लास हातात धरून तापू द्या आणि १४, मग १८ अंशांच्या सुमाराला पुन्हा चव घ्या. दोष उबेत उघडे पडतात. शेवटी तळाची दोन बोटं गाळासकट वेगळ्या ग्लासात ओतून चाखा. तो पावासारखा, किंचित कडसर स्वाद वेगळा नोंदवा, आधीच्या ग्लासाच्या गुणांत मिसळू नका.

बाटली दोघांत वाटून घ्या. १० टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये ३३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या अडीच पेगांएवढं. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही.

७. लिहिणं

बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेची पद्धत ५० गुणांची आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण मताला १०. शिकताना ती उपयोगी पडते. पण जुन्या बिअरबद्दल नुसता आकडा देणं मला अपुरं वाटतं, कारण ३८ गुण वाचून बाटली चढतीवर आहे की उतरणीला लागली आहे, हे कळत नाही.

‘चव गुंतागुंतीची आणि समृद्ध आहे’ हे वाक्य कुठल्याही बिअरला लागू पडतं, म्हणून ते लिहू नका. असं लिहा: ‘आधी खजूर आणि काकवी, मागून जायफळ. केळ्याचा मागमूस नाही. मध्यभागी मधाचा गोडवा, शेवट कोरडा. १८ अंशांना पुठ्ठ्याची अगदी पुसट छटा. चार वर्षं फ्रिजमध्ये उभी.’ वाचणाऱ्याच्या हातात इथे काहीतरी पडतं.

शक्य असेल तर त्याच बिअरची ताजी बाटली शेजारी उघडा. वयाने काय दिलं आणि काय नेलं, हे असं शेजारी ठेवल्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं स्मरणशक्तीच्या भरवशावर कधीच दिसत नाही. आणि शेवटच्या ओळीत निकाल द्या: अजून ठेवावी, आताच प्यावी, की उशीर झाला. तिच्यासारखी दुसरी बाटली ज्याच्या फ्रिजमध्ये आहे, तो वाचक आधी तीच ओळ शोधणार आहे.